काचेच्या खोलीतली पहिली मुलाखत

सोमवार, ३ मार्च

लिहायचं लिहायचं म्हणून किती दिवस टाळलं. प्रकल्पही आणि ही रोजनिशीही. आज वहिनीने टेबल पुसताना वही माझ्यापुढे आपटली — "एक तरी गोष्ट पूर्ण कर बाई!"

तर. पदवीचा शेवटचा प्रकल्प. विषय मनुष्यबळ व्यवस्थापन. शीर्षक मॅडमनी दिलं — ‘कर्मचारी नोकरी का सोडतात’. दादा इतका हसला की चहा सांडला. "हिला विषय बरा मिळाला! स्वतःचीच मुलाखत घे, वेगळी माणसं कशाला?" खरं आहे. पुस्तकांचं दुकान सोडलं, शिकवण्या सोडल्या, बोटीवर तिकिटं फाडायचं काम तर समुद्र बघून कंटाळा आला म्हणून सोडलं. कॉलेजही एकदा सोडून पुन्हा धरलंय.

दादाच्या ओळखीने एका धुलाई कारखान्यात परवानगी मिळाली. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, दवाखान्यांचे झगे. उद्यापासून.

मंगळवार, ४ मार्च

काय जागा आहे! न्हाणीघराएवढी यंत्रं, वाफ, आणि सगळीकडे गरम सुती कापडाचा वास. मी अर्धी सकाळ नुसती घड्या बघत उभी राहिले. दोघी जणी चादरीची टोकं धरतात, एकमेकींकडे चालत येतात, भेटतात, पुन्हा लांब जातात. नाचच. प्रश्नावली पिशवीतच राहिली.

कर्मचारी विभागाचे साहेब नीटनेटके आहेत, हळू बोलतात. म्हणाले, "मुलाखती माझ्या केबिनमध्ये घे. शांत असतं तिथे." दाराशीच काचेची खोली, आत दोन खुर्च्या. इतकी चांगली सोय! मी खूश.

बुधवार, ५ मार्च

पहिली मुलाखत झाली. मुद्दामच अक्कांना निवडलं. इस्त्रीच्या यंत्रावर सगळ्यांत जुन्या, बोलायला खमक्या, चालू यंत्रावरून ओरडून थट्टा करतात. त्या बोलल्या की बाकीचे आपोआप बोलतील, असा माझा हिशेब. साहेबांनी शिपायाकडून बोलावणं पाठवलं.

पण अक्का आत आल्या त्या एकदम गप्प. खुर्चीच्या कडेला बसल्या. मी छापील पहिला प्रश्न वाचला — "नोकरी सोडण्यामागचं मुख्य कारण काय असू शकेल?" त्या म्हणाल्या, "तुम्हीच सांगा, काय लिहायचं ते."

"तक्रार काही?"

"कुणाबद्दल काही नाही. सगळे चांगले आहेत."

मी लिहून ठेवलं — सहकार्य उत्तम! जाताना त्यांनी खुर्ची आत सरकवून ठेवली.

गुरुवार, ६ मार्च

अक्का आल्या नाहीत. खुंटीवरचा एप्रन धुऊन, घडी करून फळीवर ठेवलेला.

वाळवणी यंत्रावरच्या मिशीवाल्या काकांना विचारलं. ते यंत्राचं दार लावता लावता म्हणाले, "अहो ताई, त्या खुर्चीवर बसून उठलेला माणूस पुन्हा कामाला लागलेला पाहिलाय का कुणी? काढायचं असलं की शिपाई येतो, काचेच्या खोलीत बोलावतात. सगळ्यांना दिसतं. आणि तुम्ही तिथे बसवून विचारलंत, नोकरी का सोडता!"

मग काकाच समजुतीने म्हणाले, "तुम्हाला कुठून माहीत असणार." यानेच जास्त लागलं.

शनिवार, ८ मार्च

अक्कांच्या घरी गेले. सरळ जायचं सोडून वाटेत एक पेंटर पाटी रंगवत होता ते बघत बसले. भीती वाटत होती, दुसरं काय.

अक्का वाटाणे सोलत होत्या. पाणी दिलं, बस म्हणाल्या. मी सगळं भडाभडा सांगितलं — तुम्हाला काढलेलं नाही, माझा अभ्यास होता, चूक माझी. त्यांनी ऐकून घेतलं.

"तू कोण गं? चार दिवसांची पोर. तुझ्यावर राग नाही माझा. पण शिपाई पाठवला कुणी? साहेबांनी. सगळ्यांच्या देखत मी त्या काचेत बसले. आता मी आपली आपण परत गेले तर काय म्हणतील — पाया पडून आली. त्यांनी बोलावलं होतं, त्यांनीच येऊन सांगावं."

"काम तर हवंय ना तुम्हाला?"

"हवंय की! हात शिवशिवतात. घरातले सगळे पडदे इस्त्री करून झाले." हसल्या. मग पुन्हा वाटाण्यांकडे बघत, "ढकलायच्या आधी आपण उठलेलं बरं, एवढंच मनात आलं बघ."

सोमवार, १० मार्च

साहेबांना अक्कांचं म्हणणं सांगितलं. ते म्हणाले, "मी काढलंच नाही. त्या स्वतः गेल्या. आता मी लोकांच्या दारोदार फिरू? उद्या सगळेच रुसून बसतील."

आवाज चढला नाही. पण सहीचं पेन उगाच उघड-मीट करत होते.

बुधवार, १२ मार्च

बाकीच्या मुलाखती वाफेतच घेतल्या. कागद न काढता, चादरीचं एक टोक धरून. मला घडी जमत नाही, तिरकी होते, सगळे हसतात — आणि हसता हसता बोलतात. माणूस काम सोडतो ते बहुतेक वेळा आधीच, एखाद्या दिवशी कुणीतरी न विचारता काहीतरी ठरवलं तेव्हा. बाहेर पडतो नंतर कधीतरी. हे पुस्तकात होतं की नाही आठवत नाही. पुस्तक अर्धंच वाचलंय!

मंगळवार, १८ मार्च

प्रकल्प लिहून झाला. हो, पूर्ण! शेवटी अक्कांचं पान घातलं. ‘माझ्या अभ्यासाच्या काळात एक कर्मचारी काम सोडून गेली, ती माझ्या मुलाखतीमुळे आणि त्या खोलीमुळे.’

कारखान्याची सही लागते, म्हणून साहेबांना वाचायला दिलं. "छान लिहिलंयस. तेवढं एक पान काढ, लगेच सही करतो."

मी म्हटलं, विचार करते. विचार कसला, बाहेर पडतानाच ठरलं, पान काढायचं नाही.

गुरुवार, २० मार्च

मॅडम — "सहीशिवाय जमा होत नाही. उद्या शेवटचा दिवस. नाहीतर पुढच्या वर्षी."

वहिनी — "म्हणजे हेही सोडलंस?"

"नाही वहिनी. हे एक सोडत नाहीये, म्हणून तर घोटाळा."

तिने माझ्या ताटात आणखी भात वाढला.

दुपारी प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवून आले, ते पान तसंच ठेवून. साहेब आत एकटेच. रजेचे अर्ज लोक दाराच्या फटीतून सरकवतात. आत कुणी पाय ठेवत नाही.

शुक्रवार, २१ मार्च

सकाळचे कपडे वाळत घालत होते. खालून दादाची हाक — "अगं, तुझ्याकडे कुणी आलंय!"

साहेब. फाटकाबाहेर उभे, घामाघूम. प्रत हातात, सही केलेली. आत या म्हटलं तर येईनात. "अक्कांच्या गल्लीपर्यंत जाऊन आलो. परत फिरलो," म्हणाले. "आधी काय बोलायचं, ते तरी सांग."

चप्पल घालते.