पक्की भिंत

आबा, तुमची भिंत पाडली. मीच पाडली, पहार घेऊन. तीन दिवस लागले. हात अजून वर होत न्हाई, म्हणून अक्षर वाकडं येऊन राह्यलं. तसं ते चौथीतही वाकडंच होतं.

माझ्या लग्नानंतर तुम्ही राजूरहून येऊन दोन महिने इथं राहिले. "सोनं घालायची ऐपत न्हाई, पोरीला भिंत देतो," म्हणाले, अन् रस्त्याकडची अख्खी बाजू घडीव दगडात उचलली. मी चिखल कालवून देत होते. एक दगड हौसेनं बसवला, तर तुम्ही तो पायानं पाडला. "डोळे उसने आणलेत का? ओळंबा लाव." सासू ओट्यावर बसलेली. सगळ्यांदेखत बोलले तुम्ही.

मागच्या दोन खोल्या मात्र कुडाच्याच राहिल्या, वर पत्रे. औंदा वावटळीत पत्रा उडाला, सून लेकराला घेऊन बाजेखाली शिरली. मंग घरकुलाला नाव दिलं. सर्व्हेवाली बाई आली, रस्त्यावरूनच मोबाइलात फोटो काढला. "आजी, भिंत तर पक्की आहे."

"मागं चल की, दाखवते."

"मागचं विचारलेलंच न्हाई. कच्चं का पक्कं, एवढंच आहे यात."

गरिबाची भिंत कशी दिसावी हे दिल्लीत ठरतं, आबा. खोलीचं मापही तिकडूनच येतं. तुमच्या हातभर जाड भिंतीआड उन्हाळ्यात गार राहायचं, ते त्यांच्या मोबाइलात कुठं बसणार? शेजारच्या घरकुलावर आधीच्या सरकारानं आपलं नाव रंगवलं होतं, या सरकारानं ते पुसून आपलं रंगवलं. गळती मात्र तीच.

आमचं नाव कटलं. सून म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या आबांनी जरा वाईट बांधलं असतं तर काय बिघडत होतं?" खरं तेच बोलली. दुसऱ्या दिवशी मी पहार काढली. तुमचे दगड एकमेकांना सोडायला तयार न्हाईत. शिव्या दिल्या तुम्हाला.

फेरतपासणीला साहेब आला. आता नाव यादीत आहे.

हा कागद पिठाच्या डब्याखाली घालते. तुम्हाला कोण नेऊन देणार, अन् दिला तरी तुम्हाला वाचता कुठं येत होतं? एक राहिलं. साहेबानं विचारलं, भिंत कशी पडली. मी म्हणाले, गवंडी कच्चा होता. सगळ्यांदेखत म्हणाले.