रोजचं एक बटण

बबडे,

बाबांना सांभाळायला ठेवलेली नवी बाई टिकली! आधीच्या चौघींना बाबांनी 'चोर, चोर' ओरडत पळवून लावलं. 'काही लागलं तर हक्काने सांगा' म्हणणारे तुझे काका तर फोनच उचलत नाहीत. ही पाचवी मात्र भारी निघाली. पहिल्याच दिवशी कोटाचं तुटलेलं बटण पुढे करून म्हणाली, "मास्तर, एवढं लावून द्याल?" बाबांनी लगेच खुर्ची पुसली. "बसा. दहा मिनिटं." सगळं विसरलेत, पण दारात आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही, हे पक्कं आहे.

आता रोज तेच बटण लावतात. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात जाऊन त्याचा दोरा पुन्हा कापते. तू बघितलंस तर शहाणपणा करून बोलू नकोस.

मी मावशीकडे चाललेय. गप्पा मारायला नाही, झोपायला. उद्या दुपारी येईन.

मी निघताना बाबा मान वर न करता म्हणाले, "ताई, तुमचे कपडे गुरुवारी मिळतील." एरवी मी मोरीत जाऊन रडले असते. आज म्हटलं, "चालेल मास्तर, घाई नाही."

आई