चाळीस तयार, एक बाकी

ती. मामांना,

शिरसाष्टांग नमस्कार (खुर्चीतूनच, कंबर धरली आहे). तुमचे गुडघे, मामींचा दमा आणि गच्चीची गळती, तिन्ही आटोक्यात असावीत. आई बरी आहे, म्हणजे झटक्यानंतर उजवा हात हलत नाही, पण डाव्याने सगळ्यांना धाकात ठेवते. मी बरा नाही.

कागदावर लिहितोय, कारण फोनवर कामाचं काढलं की तुम्ही "नीट लिहून पाठव" म्हणत ठेवून देता. आपल्या लिनक्सच्या कामाला तुम्हीच मला लावलंत, तेव्हा आता ऐका. संगणकाच्या पडद्यावर टेकलेलं बोट ओळखणारी कोडची लायब्ररी यंदा बदलायची ठरली, आणि "कोणीतरी सगळ्यांची मोट बांधायला हवी" असं मी सभेत बोलून बसलो. (बोलणाराच अडकतो, हे कळायचं माझं वय आहे.) तिच्यावर एकेचाळीस पॅकेजं, म्हणजे एकेकाने सांभाळलेले प्रोग्रॅम, उभी. सगळी नव्याने बांधून नव्या आवृत्तीत एकदमच आत न्यायची. एक मागे राहिलं तर चाळीस दारातच. शनिवारी दार बंद, मग दोन वर्षं उघडत नाही. इकडे आईचा बोटाने चालवायचा जुना पडदा अर्धा मेलाय, आणि तिच्यासाठी आणलेला नवा पडदा जुन्या लायब्ररीला ओळखूच येत नाही. तो खोक्यात पडून आहे. ती रोज विचारते, झालं का? मी रोज म्हणतो, होतंय.

होतंय कसलं, कपाळ. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या, त्यात आपला नियम असा की ज्याचं पॅकेज त्याच्या होकाराशिवाय हात लावायचा नाही. कीबोर्डचं पॅकेज सांभाळणारे शिक्षक म्हणतात, आधी चित्रकलेचं पॅकेज होऊ दे. चित्रकलेवाल्या दंतवैद्य बाई म्हणतात, आधी कीबोर्ड. तीन आठवडे दोघंही ढिम्म. बाई दोन पेशंटांच्या मध्ये उत्तर लिहितात. एकदा "माझी हरकत नाही, फक्त" एवढंच आलं, आणि त्या 'फक्त'वर मी चार दिवस काढले. शेवटी डोकं फिरलं आणि सगळ्यांना खरमरीत स्मरणपत्र धाडलं, की काही लोकांना दुसऱ्याच्या वेळेची किंमतच नसते. अशा पत्राखाली आपली यंत्रणा मागे राहिलेल्यांची नावं आपणहून जोडते, हे मी विसरलो होतो. पहिलं नाव माझं. सगळ्यांना हाकता हाकता माझंच पॅकेज बांधायचं राहिलं होतं. शिक्षकांनी उत्तरादाखल नुसता नमस्कार पाठवला. मग मी मुकाट्याने माझं बांधलं, तशी बाकीचीही हलली, आणि काल चाळीस पूर्ण झाली. आनंद झाला नाही. मामा, मी खरंच थकलोय.

लोभ आहेच, तो वाढवला नाहीत तरी चालेल, उत्तर द्या.

तुमचा भाचा

ता.क. एकेचाळिसावं तुमचं आहे. तो पत्त्यांचा डाव. पाच ईमेल केले, पाचही वेळा तुमचं तेच यांत्रिक उत्तर, "बाहेरगावी आहे, परतल्यावर बघतो." नव्या लायब्ररीवर तो मोडतो आणि तुमचा कोड फक्त तुम्हालाच कळतो. वापराच्या नोंदीत तो खेळणारा माणूस अख्ख्या जगात एकच दिसतो. तेव्हा काढून टाकायला होकार द्या. एक ओळ पुरे.

ता.क. २. पाकीट चिकटवण्याआधी आईने पत्र वाचायला मागितलं. तो एक माणूस आईच आहे. म्हणते, काढायचा नाही, दादाने माझ्यासाठी केलाय. दादाला लिही, झटका आल्यापासून नुसते फोन चाललेत. आता ये आणि माझ्याशेजारी बसून नीट कर. तेव्हा होकार नको. गुरुवारी निघा.