बारा जोड्या

ता. १४, मंगळवार

दादा,

साष्टांग नमस्कार. नमस्कार नुसता कागदावरच आहे, मी मशीनवरून उठलेली नाही. उद्या एका शाळेचे तीस गणवेश द्यायचेत आणि अकरांना अजून बटणं नाहीत.

वहिनीची तब्येत कशी आहे? डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय ना, मग पडूनच राहू दे. "एवढी एक भाजी चिर" म्हणून तिला उठवू नकोस. मी तुला ओळखते. भिंगरीची काळजी करू नका. जेवते, झोपते, माझ्या दोऱ्याच्या रिळांचे मनोरे रचते.

आता तुझ्या त्या कागदाबद्दल. तिच्या पिशवीत, दोन फ्रॉकच्या मधे, इस्त्री केल्यासारखा ठेवला होतास तो. बालवाडीच्या बाईंची सूचना: मुलीला जोड्या लावता येत नाहीत, घरी सराव घ्यावा. चोवीस पत्ते, बारा प्राणी, प्रत्येकाची जोडी, चित्रं सुबक आणि एकसारखी, रोज अर्धा तास. आणि खाली तुझी लाल शाई: "लाडावू नकोस. कडक वाग." दादा, तू मुख्याध्यापक आहेस हे साऱ्या गावाला माहीत आहे. मला तरी लाल शाईत लिहीत जाऊ नकोस.

तर मी बसले पत्ते करायला. बुटांची खोकी कापली. माझा हात शिवणाचा, चित्रांचा नाही. घोडा काढायला घेतला की बोकड होतो. माप द्यायला आलेल्या एका बाईंनी माझा वाघ पाहिला आणि विचारलं, "हे तुमचे भाऊ का?" मिशांमुळे असेल. शेवटी कॅलेंडरवरची चित्रं कार्बन लावून, टोकदार पेनानं उतरवली. पुठ्ठा कमी पडला, म्हणून मांजर कॉलरमधे घालतात त्या खरबरीत कॅनव्हासवर चिकटवलं आणि कोंबडा एका जाडजूड खोक्याच्या तुकड्यावर. यात चार संध्याकाळी गेल्या.

आणि तुझी लेक काय करते? घोड्याशेजारी कुत्रा ठेवते. सशाशेजारी हत्ती.

"हे दोघं सारखे आहेत?"

"हो."

"हत्ती आणि ससा सारखे?"

"हो. दोघं पांढरे आहेत."

मी डोक्याला हात लावला. पण मांजर आणि कोंबडा मात्र दर वेळी बरोबर. एकदाही चूक नाही. म्हणजे येतं तिला, मुद्दाम करते, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. बोलून बोलून घसा सुकला. तू सांगितलंस तसं कडक वागायचं तेही वागून झालं. त्याबद्दल पुन्हा कधी लिहीन.

बाकी पोरगी हुशार आहे, बरं का. दाराशी कोण आलंय ते चपलांच्या आवाजावरून सांगते.

तुझी बहीण


ता. ७, गुरुवार

दादा,

नमस्कार. मधे मी चिठ्ठी पाठवून विचारलं होतं, हिचे डोळे दाखवून आणू का. तुझं एका ओळीचं उत्तर काल आलं: "डोळ्यांना काही झालेलं नाही, लक्ष नाही." तुझी ओळ पोचायच्या आठ दिवस आधीच मी तिला दाखवून आणलं. आता रागव. पण आधी पूर्ण वाच, मधेच कागद टेबलावर आपटू नकोस.

मागच्या पत्रात जे लिहायचं टाळलं ते आधी लिहिते. ते पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी मी तिला मारलं. मापाच्या लाकडी पट्टीनं, हातावर. एकदाच, पण मारलं. ती रडली नाही. हात मागे घेतला आणि म्हणाली, "आत्या, बाबा पण म्हणतात, नीट बघ. मी नीटच बघते."

तरीही मला काही कळलं नाही. मी फक्त ओशाळले, आणि ओशाळून चिंध्यांचं गाठोडं सोडलं. म्हटलं, पुठ्ठ्याचे नको, कापडाचे प्राणी करून देऊ, निदान खेळेल तरी. मखमलीचं मांजर, लोकरीची मेंढी, कॉर्डरॉयचं कासव, रेक्झिनचा बेडूक. असे बारा प्राणी, प्रत्येकाचे दोन. ते तिच्यासमोर ओतले आणि मी बटणं लावत बसले. थोड्या वेळानं म्हणाली, "झालं." बारापैकी बारा जोड्या बरोबर. मी सगळे पुन्हा मिसळले आणि या वेळी सुई खाली ठेवून बघत राहिले. तिचं तोंड खिडकीकडे होतं, दादा. रस्त्यावर कुणाची तरी सायकल पडली होती, तो आवाज ती ऐकत होती. आणि बोटं आपली चाललेली, मांजराला मांजर, मेंढीला मेंढी.

तेव्हा आठवलं, पत्त्यांतही खरबरीत मांजर आणि जाडजूड कोंबडा हेच तेवढे तिला जमत होते.

मग मी घोड्याचा पत्ता घेतला आणि मशीनपाशी उभी राहिले. "हे काय आहे?" "पांढरं." दोन पावलं पुढे गेले. "पांढरं." पत्ता तिच्या हातात दिला, तेव्हा तिनं तो नाकाला लावला, एका डोळ्यापाशी धरून हळूहळू सरकवला आणि हसली. "आत्या, घोडा आहे. याला शेपूट पण आहे."

इतके दिवस कुणी तिला पत्ता हातात घेऊन नाकाशी धरूच दिला नव्हता. बाईंनी नाही, तू नाही, मीही नाही. "लांब धर, पाठीला पोक येईल," हे आपणच सांगत होतो.

डॉक्टरीण बाई चांगल्या होत्या. दोन्ही डोळ्यांना मोठा नंबर आहे, आणि डावा डोळा तर कामच करेनासा झालाय. सहा महिने रोज काही तास उजव्या डोळ्यावर पट्टी लावायची, म्हणजे डाव्याला झक मारत बघावं लागेल. आता आणलंत ते बरं झालं, म्हणाल्या. आणखी तीन-चार वर्षं गेली असती तर हा डोळा हाती लागणं अवघड होतं. मग त्यांनी विचारलं, "कुणाच्या लक्षात आलं?" मी म्हटलं, माझ्या. पट्टीनं मारल्याचं त्यांना सांगितलं नाही. तुला सांगतेय.

मला पहिला चष्मा एकोणिसाव्या वर्षी लागला, हे तुला आठवत असेल. ज्या शिंपीमास्तरांकडे मी काम शिकत होते, त्यांनी मला सुई नाकाशी धरून दोरा ओवताना पाहिलं आणि हाताला धरून डॉक्टरांकडे नेलं. तोवर घरात मी ढ होते. फळा दिसत नाही हे मला ठाऊक नव्हतं, सगळ्यांना फळा असाच दिसतो असं वाटायचं. सातवीनंतर मला घरी बसवलं तेव्हा तू कॉलेजात होतास. एक शब्द बोलला नाहीस. त्याचा राग आता गेला, असं लिहिणार होते. थोडा आहे अजून. पण त्याहून जास्त राग माझा मला येतो. ही गोष्ट ओळखायला जगात एक माणूस लायक होतं, ते मी, आणि मीच पट्टी उचलली.

वहिनीला यातलं आता काही सांगू नकोस, तिला उठून बसू दे आधी. बालवाडीच्या बाईंना मात्र सांग, आणि लाल शाईतच सांग. भिंगरीला पुढे बसवायचं आणि डोळ्यावरच्या पट्टीवरून कुणी चिडवलं तर कान पकडायचा. तिच्या पिशवीत कापडाचे प्राणी ठेवतेय. चष्मा लावून आता ती पुठ्ठ्याच्या जोड्याही लावते, आणि माझ्या वाघाला हसते.

शनिवारी तू तिला न्यायला येशील. स्टँडवर मी तिला घेऊन आधीच उभी असेन. एक सांगते ते ऐक. ती आजवर तुला आवाजानं ओळखत आली आहे. तुझा चेहरा तिनं मांडीवर बसल्यावर पाहिला असेल तेवढाच. शनिवारी ती तुला पहिल्यांदा लांबून चालत येताना बघणार आहे. बसमधून उतरलास की आधी तिला हाक मार, म्हणजे कुठे बघायचं ते तिला कळेल. आणि कपाळावर आठ्या घालून येऊ नकोस.

भिंगरीची आत्या,
आणि मग तुझी बहीण