मापाचा फ्रॉक

सोमवार, ४ मार्च
मिळालं! कपडे दुरुस्तीच्या दुकानात काम. तीन वर्षं लाँड्रीत चादरींच्या घड्या घातल्या, आता पुन्हा सुई हातात.

तीन महिने बघणार, जमलं तर पक्कं. पक्कं झालं की कागद, आणि कागद असला की माझ्या लेकीला, बारकीला, आणता येईल. या देशाचा नियमच आहे — पक्की नोकरी नाही तोवर मुलांना आणू देत नाहीत. ताईला लगेच फोन केला. म्हणाली, "तोंड बंद ठेव आणि हात चालव." मोठ्या बहिणीचं कौतुक हे असं. बारकी तिच्याकडेच आहे. मी निघाले तेव्हा दहाची होती.

मंगळवार, ५ मार्च
मालकीण साठीच्या आसपासची. तोंडात कायम टाचण्या, म्हणून बोलणं मोजकं. मी मनातल्या मनात नाव ठेवलं — टाचणीबाई.

कपडा आला की आधी उलटा करते. बाहेरून कितीही झकास दिसो, ही आतून बघणार. तिची आतली शिलाई बाहेरच्याइतकीच सरळ. मी मोडक्यातोडक्या भाषेत विचारलं, आतलं कोण बघतंय? टाचण्या काढून म्हणाली, "मी बघते." पुन्हा टाचण्या तोंडात.

दुपारी चहा तिने केला. कप विसळायला उठले तर माझाही कप घेऊन गेली. मालकीण असून! हे गेल्यापासून घरी बसून ब्लाउज शिवले, बायका दारातूनच कापड टाकून जायच्या. मी अवघडून बसून राहिले, पण बरं वाटलं.

शनिवार, ९ मार्च
बोलणी खाल्ली. एक स्कर्ट कमरेत आत घेतला, जास्तीचं कापड कापलं नाही, आत दुमडून टाके घातले. टाचणीबाई म्हणाली, "कापायचं. जाड होतं." पटतंय. पण हात धजत नाही. आपल्याकडे आत कापड ठेवलं नाही तर बाई दुसरीकडे गेलीच म्हणून समजा. लग्नातला ब्लाउज दोन बाळंतपणांनंतरही अंगात गेला पाहिजे.

बुधवार, १३ मार्च
आजही कापलं नाही. आजही पकडली गेले.

गुरुवार, २१ मार्च
टाचणीबाईला बारकीबद्दल सांगितलं. ऐकून घेतलं. मग कपाटाच्या वरच्या फळीवरून — जिथे माझा हात पोचत नाही — निळं लोकरीचं कापड काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "इथे थंडी असते. कोट शिव तिला." जेवणाच्या सुट्टीत शिवायला परवानगीसुद्धा दिली. असल्या माणसाचं काय करावं!

येताना बारकीचा एक फ्रॉक बॅगेच्या तळाशी घातला होता. खरं तर वास घ्यायला. आता मापाला कामी आला. वाढली असणारच, म्हणून चारी बाजूंनी भरपूर सोडलं. फोनवर नुसतं तोंड दिसतं, तेही अर्धं — कार्टी फोन नाकाला लावून बोलते. ताईला विचारावं तर, "आहे तशीच काडी. खाते कुठे?"

मंगळवार, १६ एप्रिल
टाचणीबाई दाताच्या डॉक्टरकडे गेली होती. दुकान दिवसभर माझ्या एकटीवर. सकाळी एक आजोबा आले, पिशवीत दोन कोट. एक काळा, चांगला, प्रशस्त. दुसरा जुना, तपकिरी, अंगाने अरुंद. घाईत होते. "उद्या नेतो. परवा मुलीचं लग्न आहे," एवढं बोलून गेले.

दिवसभर खपले. काळा कोट तपकिरीच्या मापाला अगदी तंतोतंत आणला. स्वतःवरच खूश आहे.

बुधवार, १७ एप्रिल
घोळ घातला.

आजोबांनी काळा कोट चढवला आणि दोन्ही हात कोपरापाशीच अडकले. तपकिरी कोट मापाचा नव्हताच! तो त्यांच्या तरुणपणचा — अस्तर बदलून नातवाला द्यायचा होता. काळ्याचं फक्त एक बटण ढिलं होतं.

पण आपल्याकडे शिवायच्या कपड्यासोबत जुना, अंगाला बसणारा कपडा देतातच ना! "हा मापाचा" म्हणून. इतकी वर्षं मी टेप कमी आणि मापाचे ब्लाउजच जास्त बघितले. इथे असं कुणी करत नाही हे माझ्या डोक्यातच आलं नाही. विचारायचं होतं, विचारलं नाही. विचारलं तर भाषा येत नाही हे दिसेल म्हणून गप्प बसले.

टाचणीबाई आली. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वाटलं, संपलं. बारकीचा कागद गेला. तिने कोट नेहमीसारखा उलटा केला. अस्तर उसवून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"कापलं नाहीस?"

"नाही."

सगळं कापड आत जिथल्या तिथे होतं. दोघी बसलो, एक उसवतेय, एक शिवतेय. आजोबांना खुर्ची दिली, चहा दिला. ते एक शब्द वाकडा बोलले नाहीत. उलट म्हणाले, "राहू दे तसाच, लग्नात जेवण कमी करेन." दोन तासांत कोट होता तसा झाला. मी मान खाली घालून बटण लावलं.

ते गेल्यावर टाचणीबाईने खालचा खण उघडला. आत तिच्या स्वतःच्या चुका! उलटी बसवलेली कॉलर, एक पाय आखूड असलेली पँट, प्रत्येकीला तारखेची चिठ्ठी टाचलेली. चाळीस वर्षांच्या. आपल्या चुका कुणी अशा जपून ठेवतं? मी तरी पहिल्यांदाच बघितलं. मी विचारलं, माझीपण ठेवायची का? "काय ठेवणार? कापलंच नाहीस तू." आणि हसली. टाचण्यांशिवाय छान हसते.

गुरुवार, १८ एप्रिल
आज तिने नवीन नियम काढला. पावतीवर चित्र काढायचं — कोणता कपडा, कुठे, काय करायचं — आणि गिऱ्हाइकाला दाखवायचं. माझ्या एकटीसाठी नाही म्हणाली, दोघींसाठी. पहिलं चित्र तिने काढलं. पँट आहे की चिमटा ते कळत नव्हतं.

शुक्रवार, ३१ मे
पक्की झाले.

कागदावर तिने सही केली आणि वर ठसठशीत अक्षरात लिहिलं, "हिच्याशिवाय चालणार नाही." सरकारी ऑफिसाला एवढं लिहून लागत नाही म्हणे. दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन रडून घेतलं. ताई फोनवर म्हणाली, "आता रडतेस कशाला, आता तर हस," आणि स्वतःच हुंदके द्यायला लागली. बारकीने फोन हिसकावला. "आई, माझी खोली वेगळी असेल?"

सोमवार, ३ जून
कोट झाला. नुसती बटणं राहिलीत. टाचणीबाईने आतून बघितला, मान डोलावली. मग शेजारचा फ्रॉक उचलला. "हे माप कधीचं?"

"तीन वर्षांपूर्वीचं."

बराच वेळ फ्रॉक हातात धरून होती. "नवीन माप मागव," म्हणाली. मी म्हटलं, भरपूर सोडलंय, पुरेल. तिने बटणांचा डबा उचलून फळीवर ठेवला.

ताईला सांगितलं. म्हणाली, "मला नाही ते टेपचं कळत. तिच्या अंगावरचा एक ड्रेस धाडते मापाला."

शनिवार, २२ जून
पार्सल आलं. ताईने चुकून स्वतःचाच ड्रेस टाकला असं वाटलं. पण खिशात बारकीची चिठ्ठी — "आई, हा मला आत्ता एकदम बरोबर होतो."

आरशासमोर अंगाला लावून बघितला. मग घातलाच. खांदे, बाह्या, उंची — कुठे आत घ्यायला नको, कुठे सोडायला नको.

मला नेमका बसला.