त्रेचाळीस कामगारांची एकच उंची

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यावसायिक श्वसनविकार तपासणी समिती.

विषय: श्री. भागोजी उतेकर (मु. तुडील, ता. महाड) यांची उंची प्रत्यक्ष मोजून फुप्फुस क्षमतेचा निकाल दुरुस्त करण्याबाबत.

संदर्भ: १) समितीचा निकाल, दि. ३ जून २०२४. २) समितीची पत्रे, दि. १२ ऑगस्ट व ९ डिसेंबर २०२४.

महोदय,

१. भागोजी उतेकर हे माझे वडील. महाडजवळच्या, आता बंद पडलेल्या सिमेंट-पत्र्यांच्या कारखान्यात त्यांनी एकोणीस वर्षे ॲस्बेस्टॉसची पोती फोडून मिश्रणात ओतली. एक्स-रेमध्ये त्यांच्या दोन्ही फुप्फुसांवर व्रण दिसतात. तरीही समितीने 'क्षमता सामान्य' असा निकाल देऊन आजाराचे प्रमाणपत्र नाकारले. त्याशिवाय त्यांचे पुढील उपचार मंजूर होत नाहीत.

२. मी भौतिकशास्त्राची पदवीधर आहे. माहितीच्या अधिकारात मी समितीच्या तपासणी शिबिराचा मूळ तक्ता मिळवला. या चाचणीत माणसाने फुंकलेली हवा मोजतात आणि त्याच्या वयाच्या व उंचीच्या निरोगी माणसाशी तिची तुलना करतात. माणूस उंच, तर अपेक्षित हवा जास्त. वडिलांनी २.१ लिटर हवा फुंकली. त्यांची उंची १७३ सें.मी. आहे; त्या उंचीला ३.४ लिटर अपेक्षित, म्हणजे क्षमता ६२ टक्के. तक्त्यात उंची १५८ लिहिली आहे, तिला २.६ लिटर अपेक्षित, म्हणजे क्षमता ८१ टक्के. समितीच्या नियमाने ८० च्या वर सगळे निरोगी. हवा तेवढीच राहिली. उंची पंधरा सेंटिमीटरने कमी झाली आणि माणूस बरा झाला.

३. त्याच तक्त्यात त्रेचाळीसही कामगारांची उंची १५८ आहे.

४. हे मी पहिल्या अर्जात कळवले. 'उंची मोजणे समितीच्या कक्षेत नाही, सक्षम अधिकाऱ्याचा दाखला आणावा' असे उत्तर आले. दाखला सादर केला. त्यावर 'वयोमानानुसार उंची बदलते, सबब दाखला चाचणीच्या तारखेचा हवा' असे दुसरे पत्र आले. वयाने उंची घटते, हे खरे. माझ्या वडिलांची उंची चाचणीनंतर सहा महिन्यांत पंधरा सेंटिमीटर वाढली, असे समितीचे म्हणणे असल्यास तसे लेखी द्यावे.

५. तक्त्यातील अनुक्रमांक १७, सोमा सकपाळ, ऑक्टोबरमध्ये दम लागून वारले. त्यांच्या पत्नी चंद्राबाई यांना मी तक्ता वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "गावात समद्यांत उंच माझा मालक. पडवीचा पत्रा लावताना शिडी नाय घेतली कधी. तुज्या कागदात कोण बुटका लिवलाय गो?" सोमा यांची उंची आता मोजता येणार नाही. समितीच्या नोंदीत ते निरोगी आहेत.

६. एक बाब मी आजवर कळवली नव्हती. दि. १७ फेब्रुवारी २०२४ च्या शिबिरात मदतनीस म्हणून नोंदी मीच घेतल्या. समितीचे लिपिक म्हणाले, "ताई, पट्टी आणायची राहिली. उंचीचा रकाना मोकळा ठेवा, आम्ही हापिसात भरून घेतो. रांग बघा केवढी!" मी रकाना मोकळा ठेवला आणि खाली सही केली. कामगार यायला तयार नव्हते. घरोघरी जाऊन त्यांना मीच आणले होते. मशीन कुणाचे ऐकत नाही, खोटे बोलत नाही, असे सांगून. निकाल आला तेव्हा वडील मला एवढेच म्हणाले, "तूच बोललीस ना गो, मशीन खोटं बोलत नाय? मग खोटा मी?" मशीन खरेच खोटे बोलले नव्हते. पण हे मी त्यांना अजून पटवू शकलेले नाही.

७. सबब विनंती, की हयात बेचाळीस कामगारांची उंची समितीसमोर मोजावी, निकाल दुरुस्त करावेत आणि सोमा सकपाळ यांची नोंद 'उंची न मोजता' अशी करावी. मोकळ्या रकान्याखाली सही केल्याबद्दल माझ्यावर जी कारवाई होईल ती मला मान्य आहे. मात्र रकाना कोणी भरला, हेही त्याच चौकशीत विचारावे.

८. सुनावणी कृपया तळमजल्यावर ठेवावी. जानेवारीतल्या सुनावणीला आपल्या तिसऱ्या मजल्यावर पोहोचायला वडिलांना सव्वीस मिनिटे लागली. तोवर नाव पुकारून झाले होते. ते दारात कठडा धरून उभे असताना त्यांच्या नावापुढे 'गैरहजर' असे लिहिले गेले.

लेखी उत्तराच्या अपेक्षेत,

अर्जदार
अक्षदा भागोजी उतेकर
मु. तुडील, ता. महाड, जि. रायगड
दि. १० फेब्रुवारी २०२५

सोबत: १) मूळ तक्त्याची प्रत. २) उंचीचा दाखला. ३) एक्स-रे अहवाल. ४) सोमा सकपाळ यांचा मृत्यूचा दाखला.