धायरीच्या कपाटाची उरलेली फळी

प्रिय अब्बा,

रविवारची दुपार आहे आणि मी प्रयोगशाळेत एकटी आहे. समोर वाळवीच्या तीन डब्या आहेत. दोन डब्यांतली वाळवी मेली. तिसरीतली हलतेय, पण तिचंही काही खरं नाही. उद्या अकरा वाजता माझ्या मार्गदर्शक मॅडम बघायला येणार. त्यांना काय सांगायचं ते ठरत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

तुम्ही सुतार, जन्मभर वाळवी मारलीत; मी ती पाळते. "माझ्या शत्रूला दाणापाणी घालतेस," म्हणायचात ना? मला ते कधी नीट समजावता आलं नाही. वाळवीला एकटीला लाकूड पचत नाही, अब्बा. तिच्या पोटातले जिवाणू तो चिवट तंतू फोडून त्याची साखर करतात, तेव्हा कुठे ते तिच्या अंगी लागतं. जिवाणू मेले की ती खात राहते आणि भरल्या पोटी उपाशी मरते.

इथे तेच झालंय. पाणी तपासलं, ऊब तपासली. शेवटी लाकूड हातात घेतलं. ते मीच आणलं होतं, आपल्या माळ्यावरच्या एका फळीतून कापून. तपासलेलंच लाकूड घालायचं असा नियम आहे, पण ते संपलं होतं आणि मला घाई होती. अम्मी म्हणालीही, "अब्बा होते तोवर त्यांनी ती फळी कुणाला हात लावू दिली नव्हती." मी ऐकलं नाही.

काल घरी उरलेली फळी उलटी केली. मागे पेन्सिलीने तुमचं अक्षर : धायरी, कपाट. औषध दोन हात.

मी नववीत होते. ते धायरीचे साहेब दुकानात येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, "मिस्त्री, औषध लावलं होतंत की नुसताच हात फिरवलात?" त्यांच्या नव्या कपाटाला वाळवी लागली होती. तुम्ही म्हणालात, "दोन हात मारलेत साहेब. फळी उरलीय, तपासून घ्या." त्यांनी नेली नाही. कपाटाची पाठ त्यांनीच आणलेल्या, औषध न लावलेल्या प्लायची होती आणि वाळवी तिथून शिरली, हे अम्मीने मला काल सांगितलं.

घरी जेवताना मी विचारलं होतं, "अब्बा, खरंच लावलं होतं ना?" तुम्ही अर्ध्या जेवणावरून उठून हात धुतलेत. त्यांच्यापेक्षा माझं बोलणं जास्त लागलं का हो? एकदा रागवायचं तरी होतंत!

फळीवर लिहिणारा खोटं लिहू शकतो. पण वाळवीला तुमची ना भीड ना ओळख. इतक्या वर्षांनी तुमच्या त्या औषधाने, बोरिक पावडरीच्या पाण्याने, तिच्या पोटातले जिवाणू मारले. माझं सहा महिन्यांचं काम गेलं आणि रडता रडता मला बरं वाटलं.

तिसऱ्या डबीतलं लाकूड काढलंय. त्याच वसाहतीतली थोडी धडधाकट वाळवी वेगळी होती, ती आत सोडलीय. वाळवी एकमेकींना पोटातला रस देते, त्यातून जिवाणूही जातात. जगेल का, सांगता येत नाही.

मॅडमना सांगता येईल की लाकूडवाल्याने खराब माल दिला. कुणी तपासणार नाही. त्यालाही कुणीतरी चारचौघांत विचारेल, आणि त्याच्या घरीही कदाचित एखादी मुलगी असेल.

नाही अब्बा. उद्या अकराच्या आधी मी स्वतः मॅडमकडे जाईन. काम राहो वा जावो, नियम मी मोडला हे सांगेन. आणि नववीत तुमच्या बाजूला उभं राहून जे म्हणायला हवं होतं, तेही म्हणेन : माझ्या वडिलांनी औषध लावलं होतं.

जिला उशिरा पटलं ती तुमची लेक,
शबाना